कागदातली विहीर

कर्जत, सोम. ता. ४ फेब्रुवारी १८९५

मामलेदार फिरतीवर, कचेरीत काम नाही. दुपारी घरी आलो तो ओटीवर दोन बायका बसलेल्या. सासू-सून. कळंबच्या अलीकडच्या वाडीवरून पहाटे चालत निघालेल्या. कुटुंबाने भाकरी दिली होती, ती सासूने न खाता पदरात बांधून ठेवली होती.

सासूचं नाव भागूबाई. साठीची, विधवा. तक्रार अशी : धाकटा दीर रामजी, त्याच्या वाट्याच्या शेतात विहीर. दोन्ही घरं वर्षानुवर्षं तिचंच पाणी पितात. पौषात रामजीने विहिरीभोवती काटेरी कुंपण घातलं. आता सून ओहोळावरून पाणी आणते, जाऊन-येऊन कोसभर. तिला सहावा महिना आहे. ओहोळ चैत्रात आटतो.

मी समजावून दिलं. वहिवाट, प्रतिबंध, दाव्यास कारण कधी घडलं, मुदत. बाई मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "वकीलदादा, तुमी सांगताय ते मोटं आसंल. इहीर माजी बी हाय का नाय, येवढंच सांगा."

वाटणीचा कागद आहे का विचारलं. आहे म्हणाली, मुलाकडून पाठवते.

मंगळ. ता. ५

बाईचं वाक्य डोक्यातून जात नाही. ती. तात्यांची फार आठवण.

तात्या म्हणजे माझे गुरू. मी एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या बिऱ्हाडी आलो, कारकुनी करायला. कचेरीमागे दोन खोल्या. पुढच्या खोलीत घोंगडी, तिच्यावर बसलेली माणसं, चिलमीचा वास, आणि मध्ये तात्या वाल सोलत बसलेले. सोलता सोलता कायदा सांगायचे. "मुदत म्हणजे काय रं? वाफसा हाय तवर पेरायचं, मागनं पेरलंस तर माती हाय, पीक नाय." मृत्युपत्र म्हणजे आपण गेल्यावर घरात ठेवायचं आपलं तोंड. वकीलपत्र म्हणजे माझं तोंड तुला उसनं. स्वतः चांगले शिकलेले, पण पक्षकारापुढे त्याच्याच भाषेत उतरायचे. दत्तकाचा कागद असो, जमिनीचा कब्जा असो की बायको नांदवण्याचा तंटा, माणूस घोंगडीवरून उठायचा तो सगळं समजूनच.

मला तेव्हा त्याची लाज वाटे. वकील असून कुणब्यासारखं काय बोलायचं. आता पंचवीस वर्षांनी तीच घोंगडी आठवते. मी टेबल-खुर्ची केली त्याला दहा वर्षं झाली. टेबलापलीकडून कुणी मला विचारत नाही, "म्हंजी काय?" काल भागूबाईने विचारलं.

शनि. ता. ९

भागूबाईचा मुलगा कागद घेऊन आला. मेणकापडात गुंडाळलेला. उलगडला.

अक्षर माझं आहे.

शके १७९३. म्हणजे मी तात्यांकडे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. दोन भावांची वाटणी. खाली दोघांचे अंगठे, दोन साक्षी (दोघेही वारले), आणि कोपऱ्यात लेखक म्हणून माझी सही, मोठ्या वळणाची.

मुलाला म्हटलं, ठेवून जा, वाचतो. तो म्हणाला, "आई म्हंते, वाचला तवा तिनं दाराआडून आयकलाय. दोगांची म्हून."

बरं म्हटलं. जेवण गेलं नाही.

रवि. ता. १०

लिहून टाकतो. इथे तरी.

त्या वर्षी तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस दिसे, अक्षर दिसत नसे. बाहेर हे कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. ते सांगत, मी लिही, मग मीच मोठ्याने वाचून दाखवी.

त्या वाटणीत विहिरीबद्दल तात्यांनी सांगितलं : "विहीर रामजीच्या वाट्यात, पण पाणी दोघांचं आणि दोघांच्या पोराबाळांचं." हे असं कागदावर लिहायचं? मला ते बोळातल्या भांडणासारखं वाटलं. दप्तरात एक जुना कागद होता, त्यातली एक ओळ मला फार आवडली होती. ती उतरवली : "सदरहू विहिरीचे पाण्याचा उपभोग वडील बंधू यांणी आपले हयातीत पूर्ववत् वहिवाटीप्रमाणे करीत जावा." काय डौल. हयातीत या शब्दाने काय होतं, याचा विचारही केला नाही. अर्थ पाहिला नाही, नाद पाहिला.

आणि वाचून दाखवताना, तात्या ऐकत होते म्हणून, तात्यांचे शब्द वाचले. कागदावर एक, तोंडात दुसरं.

दोघा भावांनी अंगठे केले. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

थोरला भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. कागदाप्रमाणे त्याच्याबरोबर पाणीही गेलं.

गुरु. ता. १४, खालापूर

महालकऱ्यांपुढे एका बांधाचं काम होतं. झालं. परतीच्या गाडीला वेळ म्हणून धर्मशाळेत बसून हे लिहितो.

कायदा सगळीकडून पाहिला. कुंपण घातल्याला सहा महिने झालेले नाहीत, मामलेदाराकडे अडथळ्याचा दावा लावता येईल. कदाचित कुंपण निघेलही. पण रामजी दिवाणी कोर्टात कागद घेऊन उभा राहिला की संपलं. लेखी करारापुढे तोंडी बोलणं चालत नाही. एकच वाट : लिहिणाऱ्याची चूक झाली असं सिद्ध करणं. ते सांगणारा जिवंत माणूस एकच. मी साक्षीला उभा राहिलो तर तिचा वकील राहता येत नाही. आणि उलटतपासात विचारतील, लिहिलं एक आणि वाचलं दुसरं, हे आणखी किती कागदांत केलंत?

एकदाच केलं. पण हे कोण मानील. सनदेवर येईल.

दुसरी वाटही आहे. बाईला सांगायचं, कागद विरुद्ध आहे, उपाय नाही. खोटं नाही त्यात काही.

शनि. ता. १६

रात्री झोप नाही हे कुटुंबाने ओळखलं. सकाळी तांदूळ निवडत होती, तिला सगळं सांगितलं. हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "तात्यांना कळलं होतं का?"

ठाऊक नाही. पुढे मुंबईस डोळे करून आले, दिसू लागलं. दप्तर पुष्कळ वेळा चाळत बसायचे. या कागदाची नक्कल दप्तरात होती. मला कधी काही बोलले नाहीत. एवढंच आठवतं की त्यानंतर माझे कागद ते स्वतः वाचून दाखवू लागले. मला वाटे, डोळे आले त्याचा आनंद.

"मग त्या सुनेला पाणी कोण आणून देणार?" कुटुंब म्हणाली. आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेली.

सोम. ता. २५

वाडीवर जाऊन आलो. बैलगाडी, कडाव गावावरून. पळस फुलला आहे. हाच रस्ता तात्यांबरोबर किती वेळा केला. ते गाडीवानाला त्याच्या बैलांची नावं विचारायचे आणि परत येताना बैलांना त्या नावांनी हाक मारायचे. आज गाडीवानाशी मी एक शब्द बोललो नाही.

आधी भागूबाईकडे. ओट्यावर बसून सांगितलं, कागदात काय आहे आणि कुणामुळे. या वेळी साधं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हंजी माजं कान बराबर व्हतं." मग विहीर खणल्याची गोष्ट सांगू लागली. लग्न होऊन आली तेव्हा रामजी सात-आठ वर्षांचा, आई नसलेला. विहीर खणताना ही दगड वाहायची, तो हिच्या मागोमाग टोपलीत माती घेऊन. पहिलं पाणी लागलं ते गढूळ, त्याने आधी हिला ओंजळीतून पाजलं. "त्याचं मन वंगाळ नाय. जावई आलाय ना नेरळचा."

मग रामजीकडे. कुंपण पाहिलं, करवंदीच्या काट्यांचं, छातीइतकं. आत वांगी, भेंडी, वाफे आखलेले. माथेरानला साहेबलोक येतात, त्यांना भाजी लागते, नेरळच्या जावयाने हा मळा काढून दिलेला. रामजीकडची कागदाची प्रतही त्यानेच वाचली.

रामजी आता साठीला टेकलेला. मला ओळखलं नाही. तात्यांचं नाव सांगितल्यावर उठून बसला, घोंगडी पसरली. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. नंतर बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"जावयानं वाचला तवा म्या म्हटलं, म्या तर दोगांची आयकली व्हती," तो म्हणाला. "मंग म्हटलं, माजंच कान चुकलं आसतील. कागुद कसा चुकंल."

मी म्हटलं, रामजी, तुमचे कान चुकले नाहीत. माझा हात चुकला.

"वहिनीला म्या सांगितलं, कागदात नाय. ती रडली, तरी म्या कुंपण घातलं. तुमी हे आधी सांगाया पायजे व्हतं."

चहा झाला नाही, पाणी दिलं त्याने. त्याच विहिरीचं असेल. प्यायलो.

रवि. ता. १० मार्च, होळी

गावात होळी. मी ओटीवरूनच पाहिली.

वाडीहून काही नाही. भागूबाईला सांगून ठेवलं आहे : रामजी वळला नाही तर आषाढाच्या आत दावा लावायचा, दुसरा वकील मी बघून देतो, साक्षीला मी उभा राहतो. "तुमच्यावर कायी येनार नाय ना?" तिने विचारलं होतं. येईल थोडं, म्हटलं.

मंगळ. ता. १९

रामजी आला. एकटा, जावयाशिवाय. टेबलासमोरच्या खुर्चीवर बसेना. मग मी खाली घोंगडी पसरली आणि मीही तिच्यावर बसलो. गुडघे दुखले.

म्हणाला, नवा कागद करा. जावई खवळला आहे, लेक माहेरी येऊन बसली आहे, पण करा. काय लिहायचं ते त्याच्याच तोंडून घेतलं. विहीर रामजीच्या शेतात. पाणी दोन्ही घरांचं. दोघांच्या पोराबाळांचं, त्यांच्या पोराबाळांचं. पाण्याला जायची वाट पाच हात रुंद, कुणी अडवायची नाही. मळ्याला पाणी आधी की घरात आधी? विचार करून म्हणाला, "घरात आधी."

जसं बोलला तसं लिहिलं. एकही शब्द फिरवला नाही. पहिल्यांदा असा कागद लिहिला की जो वाचून कुठलाच वकील वाहवा म्हणणार नाही.

जाताना म्हणाला, "अंगठा आत्ता नाय. वाडीवर, वहिनीसमोर."

बुध. ता. २७, पाडवा

गुढी उभारली. कुटुंबाने श्रीखंड केलं. संध्याकाळी तात्यांच्या जुन्या बिऱ्हाडावरून फिरून आलो. तिथे आता रेल्वेतल्या एका बाबूचं कुटुंब राहतं. पुढच्या खोलीत दोरीवर धोतरं वाळत होती. पायरीवर उभा राहिलो तर आतून बाईने विचारलं, कोण हवंय. कुणी नाही, म्हटलं.

आत यायला सांगितलं असतं तर गेलो असतो.

शुक्र. ता. ५ एप्रिल

वाडीवर. रामजीच्या अंगणात दोन्ही घरची माणसं. सून पोट सावरत भिंतीला टेकून बसलेली. जावई होता, पण लांब, आंब्याखाली, पाठ करून.

मी कागद काढला, घसा साफ केला. रामजीने हात वर केला.

"तुमी नगा वाचू, वकीलसायेब. राग मानू नगा."

त्याने कळंबच्या शाळेतले मास्तर बोलावून आणले होते. कागद त्यांच्या हातात दिला. मी बाजूला बसलो. तात्यांनंतर माझा कागद दुसऱ्याने वाचताना मी ऐकला तो आज. मास्तरांना कुठे अडखळावं लागलं नाही. भागूबाई आता दाराआड नव्हती, पुढे बसली होती, प्रत्येक ओळीला मान हलवत. वाचून झाल्यावर तिने आपणहून हात पुढे केला, शाई लावून घेतली, अंगठा उठवला.

रामजीने मास्तरांना पुन्हा वाचायला सांगितलं. वाचन चालू असताना तो कागदाकडे पाहत नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत होता. ओठ हलतात का ते बघत असावा.

दुसरं वाचन संपलं. जावई आंब्याखालून उठून निघून गेला, लेक त्याच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली. रामजी तिच्याकडे बघत राहिला.

"कागुद आज माज्याकडं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

भागूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माजा अंगठा झालाय."

कुंपणाला एका जागी वाट पाडली आहे, पाच हात नाही, एक बाई हंडा घेऊन तिरकी होऊन जाईल एवढी. काटे कुणी काढले ते विचारलं नाही. सून त्या वाटेने गेली, मी गाडीत बसेपर्यंत परतलेली दिसली नाही.

सोम. ता. ८

रामजीचा अंगठा अजून नाही. निरोपही नाही. दुपारभर ओटीवर बसलो होतो. दोन पक्षकार आले, दोघांनाही घोंगडीवरच बसवलं.