आकस बसला आहे की नुसता राग?

तीर्थरूप दाजींच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघे धरल्यामुळे सध्या कागदावरच वाकतो आहे.) आपली तब्येत कशी आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहोत, फक्त माझी अर्धी दाढी झाली आहे आणि अर्धी राहिली आहे.

त्याचं असं झालं. आमचे नेहमीचे न्हावीबुवा दुकान बंद ठेवून सासुरवाडीला गेले, म्हणून मी कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात केस कापून आलो. बुवा परतल्यावर त्यांनी माझं डोकं असं फिरवून फिरवून पाहिलं, की जणू ते त्यांच्याच दुकानातून चोरीला गेलं होतं. "काका, मागे ही पायरी कुणी पाडली?" (दुसऱ्याच्या कात्रीचा हात ओळखतात हो ही माणसं!) मी घाबरून म्हणालो, "आपोआप पडली असेल." त्यावर ते नुसते हसले.

घरी सांगितलं तर सूनबाई म्हणाली, "बाबा, त्यांच्या मनात आकस बसला." माझी शाळा चौथीतच सुटलेली, म्हणून अर्थ विचारला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "राग आला की माणूस ओरडून मोकळा होतो. वैर असलं तर तोंड बघत नाही. आकस असलेला मात्र गोड बोलतो आणि संधीची वाट बघतो."

दाजी, पुढच्या दाढीला मी खुर्चीत मान मागे टाकली, एक गाल झाला, वस्तरा गळ्याशी आला आणि बुवा अगदी गोड आवाजात म्हणाले, "आता अजिबात हलायचं नाही हं, काका." मी हललो. गळ्यातल्या कापडासकट, फेसासकट थेट घरापर्यंत हललो.

तेव्हापासून घरातच आहे. एका बाजूने मी बरा दिसतो, दुसऱ्या बाजूने आजारी. बायको जेवायला मुद्दाम झालेल्या बाजूला बसते. स्वतः करावी तर हात थरथरतो, नव्या दुकानात जावं तर वाट बुवांच्याच दारावरून. आणि खरं सांगू? माझी दुखणी शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकच माणूस उरला आहे हो. आपण जन्मभर पोरांना शब्दांचे अर्थ शिकवलेत. आकस एकदा बसला की उठतो का, तेवढं कळवावं.

आपला मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बुवा दारात हजर! "कापड टाका आधी! माणूस अर्धा सोडला म्हणून गिऱ्हाइकं हसतात मला! माझी अब्रू गालावर घेऊन बसलात होय?" असे ओरडले की शेजारीपाजारी बाहेर आले. ओरडले, म्हणजे नुसता राग! आनंदाच्या भरात मी त्यांना चहा पाजला. उरलेली बाजू रविवारी करायचं ठरलं. तेव्हा अर्थाची घाई नाही.

आणखी एक. चहा पिऊन जाताना ते फार गोड हसले. तरी आपण शनिवारीच यावं आणि दाढी वाढवून यावं. पहिला नंबर आपला, मी बाकावर बसून बघेन. हा मजकूर ताईला वाचून दाखवू नये.