चारपैकी एक आकडा

तीर्थरूप बाबांना, वाकवत नाही म्हणून बसल्या जागेवरून नमस्कार.

साखरेच्या दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. पहिल्या वेळी साखर जास्त निघाली तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "माझंच रक्त नडलं गं." म्हणून सविस्तर लिहिते.

उपाशीपोटी एकदा आणि ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर तासातासाने तीनदा रक्त घेतलं. घेणारी माझ्याच प्रयोगशाळेतली मैत्रीण. मी रोज गरोदर बायकांना सांगते, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." माझ्या वेळी मात्र अशी "आई गं!" म्हणून ओरडले की रांगेतल्या सगळ्या जणी हसल्या.

चारपैकी एकच आकडा किंचित वर आहे. तेवढ्याने मधुमेह म्हणत नाहीत. जेवणानंतर चालायचं आणि महिन्याने पुन्हा तपासायचं. निकाल येईपर्यंत मी धड जेवले नव्हते, हे आईला सांगू नका. बाळ मजेत लाथा झाडतंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला आहे?" म्हटलं, "वडिलांना, वीस वर्षं. अजून सायकल चालवतात." त्या म्हणाल्या, "मग कसं सांभाळायचं ते त्यांनाच विचारा."

म्हणून विचारते, बाबा, तुम्ही गोड कसं सोडलंत? आई म्हणते, सोडलेलंच नाही. खरं कोण बोलतंय ते कळवा.

तुमच्यावरच गेलेली,
तुमची लेक