धुरी आधी, पूजा नंतर

१५ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स! काम तेच, वॉर्डातलं. वर एक बिल्ला मिळाला. पुण्याला ट्रेनिंगला माझी निवड झाली, कारण बाकीच्या सिस्टरांच्या मुलांच्या परीक्षा होत्या आणि मला मुलं नाहीत.

विजयसिंह सरांनी मीटिंग घेतली. हॉस्पिटल त्यांचंच, सिझरही तेच करतात, निम्म्या इंदापूरला त्यांनीच जगात आणलंय. म्हणाले, "स्वरूपा सांगेल तसं सगळ्यांनी हात धुवायचे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वडापाव आले. एकानंही हात धुतले नाहीत.

ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सारजा मावशी सकाळी ग्लोव्ह्ज घालतात ते घरी जाताना काढतात. त्याच हातांनी फरशी, भांडं, दाराची कडी, चहाची किटली. म्हटलं, मावशी, हात धुवा की. "माज्या हाताला काय झालंय? ग्लोज हायत की!"

१७ सप्टेंबर

दोन दिवस नुसती बघत होते. पेशंटला हात लावून झाला की सगळे धुतात—साबण लावून, घासघासून. लावायच्या आधी कोणीच नाही! आपल्याला काही होऊ नये एवढंच डोक्यात. आपल्यामुळं पेशंटला काही होईल, हे कोणाच्या गावीही नाही.

सर ऑपरेशनला नीट धुतात, खोटं कशाला बोलू. पण राउंडला एकीच्या टाक्यांवरून थेट दुसरीच्या टाक्यांवर. बायका म्हणतात, सरांच्या हाताला गुण आहे. आज मी सॅनिटायझर पुढं केलं. सर म्हणाले, "अगं, गुण धुऊन जायचा!" सगळे हसले. मीही हसले. राग आला होता, तरी हसले.

२१ सप्टेंबर, रविवार

वालचंदनगरला जाऊन आले, दादाच्या क्वार्टरवर. रेश्मा वहिनी चालताना कमरेवर हात ठेवते आता. पहिलं बाळंतपण सिझर, त्यामुळं हेही सिझरच. सर म्हणालेत, दसऱ्याच्या आसपास कधीही करू. आईनं 'आसपास' एवढं काढून टाकलं. "दसऱ्यालाच! साडेतीन मुहूर्तातला हाय. ब्राह्मणाला बी इचारायला नगं."

दादाला काळजी होती. रेश्मा त्याला म्हणाली, "ताई हायत की तितं. आपल्या घरचंच हास्पिटल. मग भ्या कशाचं?"

मी पोह्यांत लक्ष घातलं.

२६ सप्टेंबर

पळसदेवची अनिता तपासायला आली होती. नवरा गेणबा उजनीत मासे धरतो. पहिलटकरीण, मूल आडवं आहे. तिलाही दसराच दिलाय. सर बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "सिष्टर, खरं सांगा. हितंच करू, का बारामतीला जाऊ? चुलत जाऊ म्हन्ती, जा."

म्हटलं, इथंच कर. सर आहेत ना.

दुसरं काय सांगणार होते? अंगावर युनिफॉर्म, छातीवर बिल्ला. तोही नवा.

२९ सप्टेंबर, सोमवार

खंडेनवमीची तयारी. दरवर्षी ओटीत हत्यारांची पूजा होते—कात्र्या, चिमटे, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, सगळ्याची. परवा पूजा, तेरवा दसरा, आणि दसऱ्याला मुहूर्ताची चार सिझरं. त्यातलं एक रेश्माचं.

धुरी—म्हणजे फ्युमिगेशन, ओटी बंद करून औषध फवारतात ते—उद्या संध्याकाळी. म्हणजे पूजेच्या आधी! सारजा मावशींना म्हटलं, धुरी पूजेनंतर ठेवू. त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी चपला घालून देवघरात गेलेय. "पूजेआदी घर सारवत्यात, का पूजा झाल्याव? हां?"

म्हटलं, मग पूजा तरी बाहेर करू.

"टॅक्टरला हार, मोटारीला हार, आन कात्रीनं काय घोडं मारलंय?"

सरांकडं गेले. ते म्हणाले, "स्वरूपा, माणसं वर्षातून एकदा मनापासून ती खोली साफ करतात. त्यांचं मन मोडू नकोस." बरोबरच आहे. वर्षातून एकदा.

१ ऑक्टोबर, बुधवार

पूजा झाली. फार छान झाली, हेच दुःख.

ओटीच्या दिव्याला झेंडूचा हार. टेबलावर केळीचं पान, पानावर कात्र्या, कात्र्यांवर हळद-कुंकू. उदबत्ती ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारी—देवीनंच राखलं. नारळ टेबलाच्या पायावर फोडला, पाणी टेबलाखाली गेलं. सगळा स्टाफ आत, बायकापोरांसकट, सरांच्या सौभाग्यवती पैठणीत. पायताणं मात्र सगळ्यांनी बाहेर काढली होती. मी लावलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीलाही कुंकू लावलं. बाटलीला कोणी हात लावला तो पहिलाच.

कात्र्या, चिमटे मी परत ऑटोक्लेव्ह केले. तेवढं माझ्या हातात होतं. फरशी स्वतः औषधानं पुसली. पण हार आज काढायचा नसतो! "उद्या दसऱ्याला काढू, ताजा हाय अजून." सरांना म्हटलं, निदान आज परत धुरी करू. म्हणाले, कालच केली की.

दुपारी अनिता भरती झाली. तिच्या कॉटपाशी बीपी बघायला दुसऱ्या सिस्टरला पाठवलं.

पाच वाजता वालचंदनगरच्या एसटीत बसले. आईला सांगितलं, भूल देणारे डॉक्टर उद्या येत नाहीत, रेश्माला बारामतीला नेऊ, पहिलं जिथं केलं तिथंच. आई म्हणाली, "आन म्हूर्त?" म्हटलं, आई, बारामतीतही उद्या दसराच आहे.

पिशवी भरता भरता रेश्मानं माझ्याकडं एकदा बघितलं.

२ ऑक्टोबर, दसरा

रेश्माला मुलगी. दोघी बऱ्या. मी इथं ड्यूटीवर. इथली तीनही नीट झाली. अनिताला मुलगा.

५ ऑक्टोबर

फुटलं! सारजा मावशींच्या भाच्याची बायको बारामतीत त्याच वॉर्डात निघाली. सगळ्यांसमोर मावशी म्हणाल्या, "आमच्या हाताला किडं, आन तुमच्या वैनीला बारामती! मग आमाला कशाला शिकिवता वो?"

खरं उत्तर होतं, पण ते मावशींच्या बोलण्याहून वाईट होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला सांगायचंस तरी. घरची म्हणत होतो मी तुला." म्हटलं, रेश्माच्या माहेरचे सांगवीचे, त्यांना बारामती जवळ, हट्ट धरला. सर म्हणाले, असू दे. सज्जन माणूस. माझं एक मोठं आजारपण त्यांनीच काढलं होतं. बाहेर आले तेव्हा स्वतःचीच लाज वाटत होती. पण वहिनीवर परत तशी वेळ आली तर परत तेच करीन.

७ ऑक्टोबर

अनिताचे टाके पिकले. ताप. ड्रेसिंग सोडलं तेव्हाच वासावरून कळलं.

हळदीनं झालं असं मी म्हणत नाही. झेंडूनं झालं असंही नाही. कोणाच्या हातानं झालं कोण जाणे. पण कारण लगेच सापडलं: मासे. "घरनं डब्यात माशाचं कालवण आलं आसंल," सारजा मावशी. "जखमेला पाणी लागलं असेल," सर. त्याच हातानं पुढच्या कॉटवर गेले. म्हणाले, शंभरात एखादी पिकतेच.

त्या एखादीनं माझं मनगट धरलं. "सिष्टर, म्या मासं न्हाय वो खाल्लं. तुमी म्हनला तसंच केलं समदं."

हो. मी म्हटलं होतं, इथंच कर.

चादरींच्या खोलीत जाऊन रडले. मग हात-तोंड धुऊन बाहेर आले.

९ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. सरांना म्हटलं, अनिताला बारामतीला हलवू. आणि चार दिवस ओटी बंद ठेवू. म्हणाले, "दिवाळीच्या तोंडावर? आणि इथून पेशंट हलवला तर गावात काय निरोप जाईल? दोन दिवसांत उतरेल." म्हटलं, नाही उतरला तर? सर म्हणाले, "उद्यापासून दोन दिवस मी सोलापूरला, कॉन्फरन्स आहे. आलो की बघू."

गेणबा व्हरांड्यात टॉवेल अंथरून झोपतो. मला विचारलं, "पोराच्या आईला बरं वाटंल न्हवं?" व्हय म्हटलं. पुन्हा एकदा.

११ ऑक्टोबर, शनिवार

रेश्माचे टाके काढायला बारामतीला गेले. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बेसिनपाशी—सर!

सोलापूर नाही. आत त्यांची मुलगी स्वराली, काल सिझर झालं. आपल्या लेकीवर आपला हात चालत नाही, हे समजू शकते. पण आपली ओटीही चालत नाही?

हात धूत होते. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. आत जायच्या आधी.

मी दिसले तसे थांबले. साबण तसाच हातावर. हळू म्हणाले, "मी इथं दिसलो, हे तिकडं बोलू नकोस."

"अनिताला आणू का इथं? आज?"

त्यांनी हातावरचा साबण धुतला, नळ बंद केला.

"आण," म्हणाले. "फक्त मी आण म्हटलं, हे तिकडं सांगू नकोस."