मुलीच्या नावे जमा झालेल्या उत्सुकतेबाबत

प्रति,
श्री. ग्रेसन टिलमन,
प्रवेश अधिकारी (ओहायो विभाग),
व्हिटकोम कॉलेज, न्यूयॉर्क राज्य.

विषय : कु. डिलेनी काँगस हिच्या नावे आपल्या दफ्तरी नोंदलेली उत्सुकता तिच्या आईच्या नावे वर्ग करणे व मुलीस बांधील अर्जातून मोकळे करणेबाबत.

संदर्भ : आपले कु. डिलेनीस आलेले दि. १२ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारी शॉना काँगस, वय ३६, राहणार अ‍ॅश्टाब्युला, ओहायो, दातांच्या दवाखान्यात दात स्वच्छ करण्याच्या कामावर असून बारावीत शिकणाऱ्या डिलेनीची आई आहे. आपले पत्र पोचले. त्यात आपण लिहिले आहे की, डिलेनीइतकी उत्सुकता दाखवणारा अर्जदार आपल्या कार्यालयाने यंदा पाहिला नाही. तिने आपले १८८ ईमेल उघडले, तेही बहुतेक आल्यापासून चार मिनिटांच्या आत. ती तीनदा कॉलेज पाहून गेली. ऑनलाइन माहितीसत्रांत तिने एकेचाळीस प्रश्न विचारले, पैकी नऊ वसतिगृहाच्या हीटरबद्दल होते.

महोदय, ती मी होते.

घडले ते क्रमाने सादर करते.

१. गेल्या मार्चमध्ये शाळेच्या समुपदेशक मिस प्रुइट यांनी पालकांची सभा घेतली. काही कॉलेजे प्रवेश देताना मुलांची उत्सुकता मोजतात, कोण ईमेल उघडतो, कोण भेटीला येतो याची नोंद ठेवतात, असे त्या म्हणाल्या. बाकीच्या आया कॉफी घ्यायला उठल्या. मी वही काढली. फॉर्म भरायचे म्हणून डिलेनीच्या ईमेलचा पासवर्ड माझ्याकडे होताच. ती स्वतः हवामान कार्यालयाखेरीज कोणाचाही ईमेल उघडत नाही, हे मला ठाऊक होते. मग आपले ईमेल मी उघडू लागले. आपण ते कामाच्या वेळेतच पाठवता. एकदा श्री. हॉफ्रिक्टर खुर्चीत तोंड उघडून बसले असताना आपला 'पानगळीतले आमचे आवार' हा ईमेल आला. तो मी शेवटपर्यंत वाचला. श्री. हॉफ्रिक्टर यांनी तक्रार केली नाही, कारण त्यांना बोलता येत नव्हते.

२. तीन भेटींपैकी पहिल्या भेटीला डिलेनी खरोखर आली होती. वाट दाखवणारी मुलगी उलटी चालत आम्हाला ग्रंथालय दाखवत होती आणि डिलेनी सगळा वेळ वर आभाळाकडे बघत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "ताई, मागे पायरी आहे." पुढच्या दोन भेटी मी एकटीने केल्या. दारातल्या संगणकाच्या पडद्यावर फक्त विद्यार्थ्याचे नाव लिहायला जागा होती, म्हणून मी ते लिहिले. सप्टेंबरच्या भेटीत वाट दाखवणाऱ्या मुलाने विचारले, "आणि डिलेनी कुठे आहे?" मी म्हटले, "बाथरूममध्ये." हे मला दीड तास निभवावे लागले. निघताना तो बिचारा हळूच म्हणाला, "काकू, बरी आहे ना ती?" आपल्या दफ्तरी तिच्या पोटाविषयी काही शेरा असल्यास तो कृपया खोडावा. तिचे पोट उत्तम आहे.

३. माहितीसत्रांत कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा होती. एकेचाळीसही प्रश्न माझे आहेत. एक प्रश्न मात्र मी मुद्दाम विचारला नाही, कारण त्याचे उत्तर मला माहीत होते. आपल्याकडे हवामानशास्त्राचा विभाग नाही.

हे का सांगते ते सांगते. आमच्याकडे सरोवरावरून बर्फ येते तेव्हा एका गल्लीत गुडघाभर आणि पुढच्या गल्लीत नुसती भुरभुर, असा प्रकार असतो. डिलेनी चौथीत असल्यापासून गॅरेजमागे एक पांढरी फळी मांडून रोज सकाळी सातला त्यावरचे बर्फ मोजते आणि हवामान कार्यालयाला कळवते. माझे यजमान डेल हे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ सारण्याचा ट्रक चालवतात. ते बाहेर पडण्याआधी खिडकीकडे बघत नाहीत, तिला विचारतात. ती म्हणते, "बाबा, आधी बंदराकडे जा, गावात दहापर्यंत काही नाही." आणि दहापर्यंत काही नसते. तिला राज्य विद्यापीठात जाऊन हेच शिकायचे होते. दोन वर्षे ती तेच म्हणत होती आणि मी "बघू गं" म्हणत होते.

४. दि. ३१ ऑक्टोबर रोजी आपल्या बांधील अर्जावर सह्या झाल्या. 'घेतलंत तर येईनच, दुसरीकडे जाणार नाही' असे लिहून देण्याचा हा अर्ज. त्यावर मुलगी, पालक आणि समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. त्या दिवशी हॅलोविन होता. दारावर भुतांची आणि भोपळ्यांची सोंगे घेतलेली पोरे रांग लावून उभी होती आणि डिलेनी चॉकलेटे वाटत होती. मी लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "आई, नक्की ना?" मी म्हटले, "तुझं तू ठरव, माझं काही नाही." असे म्हणताना लॅपटॉप मी तिच्या हनुवटीखाली धरला होता. डेल मागून म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." डिलेनीने एका छोट्या चेटकिणीच्या पिशवीत दोन चॉकलेटे टाकली आणि सही केली. मला वाटले, पोरीला अखेर कॉलेज आवडले.

५. आपले पत्र आले त्या दिवशी आम्ही तळलेले मासे खात होतो. तिने ते मोठ्याने वाचले.

"आई, मी हीटरबद्दल नऊदा विचारलं?"

"दहादा. एक त्यांनी मोजला नाही."

ती इतकी हसली की डेलनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. मीही हसले. मग ती बापाला मदत करायला गॅरेजमध्ये गेली आणि थोड्या वेळाने मी कचरा टाकायला बाहेर पडले. दार उघडे होते. ती त्यांना सांगत होती, "मी पोटात होते म्हणून आईचं कॉलेज सुटलं ना, बाबा. मग सात वर्षं तिने संध्याकाळचे वर्ग केले, मला मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसवून. तिला ती जागा एवढी आवडलीये, तर जाते मी. चारच वर्षं तर आहेत."

डेल म्हणाले, "आणि तुझे ढग?"

"ढग काय, तिकडेही असतील."

महोदय, कचऱ्याची पिशवी माझ्या हातात तशीच होती. मी आत गेले आणि तिला म्हटले, "तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस." ती म्हणाली, "हे पण तूच ठरवलंस. आता तरी मला विचार ना." मग मी विचारले. सतरा वर्षांच्या मुलीला मी काही विचारले आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसले, असे बहुधा पहिल्यांदाच झाले. ती म्हणाली, "विचार करते. आधी त्यांना कळवीन, मग तुला."

६. दुसऱ्या दिवशी मी मिस प्रुइट यांच्याकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढून डोळे पुसले आणि बजावले, "शॉना, नियम सरळ आहे. निकाल लागायच्या आत मुलीने स्वतः लिहिलं तर तिला बंधनातून सुटता येतं. तू मात्र मेहरबानी कर आणि ईमेलला हात लावू नकोस." त्यांच्या सल्ल्याचा मान राखून हा अर्ज टपालाने पाठवीत आहे.

तरी विनंती की :

ते १८८ ईमेल, दोन भेटी व एकेचाळीस प्रश्न डिलेनीच्या खात्यातून काढून माझ्या नावे लिहावेत. ती उत्सुकता खोटी नव्हती. आपले आवार मला मनापासून आवडले आहे, हीटरसकट.

दि. १५ डिसेंबरच्या निकालाआधी डिलेनीला बांधील अर्जातून मोकळे करावे. पुढे साधा अर्ज ठेवायचा की पुरता मागे घ्यायचा, ते ती कळवील. आपल्याला ती तरीही हवी असल्यास तिचे गुण आणि तिचे बर्फ पाहून घ्यावी.

या प्रकाराबद्दल काही शिक्षा असेल तर ती मला व्हावी. मुलीच्या प्रामाणिकपणावर एका ओळीचाही शेरा येऊ नये आणि दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला काही कळवू नये. तिला यातले काहीच माहीत नव्हते. तिने केलेली चूक एवढीच की माझे मन मोडवेना म्हणून सही केली, आणि ती चूक मी तिच्याकडून करून घेतली.

आपले उत्तर थेट तिलाच पाठवावे. पासवर्ड तिने मंगळवारी बदलला. नवा मला माहीत नाही. दोन अंदाज करून पाहिले, दोन्ही चुकले. तिसरा केलेला नाही.

कळावे. आपला वेळ घेतल्याबद्दल दिलगीर आहे, याआधीच्या सर्व वेळांसह.

आपली नम्र,
शॉना काँगस
(डिलेनीची आई)

अ‍ॅश्टाब्युला, दि. २० नोव्हेंबर

सोबत :
१. मिस प्रुइट यांचे पत्र, एक पान.
२. कु. डिलेनी काँगस हिचे पत्र, तिच्या सहीचे. पाकीट तिने स्वतः चिकटवले आहे. आत काय लिहिले आहे ते मी वाचलेले नाही.