पुसलेली दोन वाक्यं

प्रिय धाकट्या,

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने वेबसाइट कशाला काढावी, हे मला अजून उमगलेलं नाही. पण तू काढलीस आणि मी ती वाचते. लेकीने कॉम्प्युटरवर फीड रीडर का काय ते बसवून दिलंय. शिवणकामाच्या दोन वेबसाइट आणि तुझी एक. कुणी नवं काही लिहिलं की आपोआप त्यात येऊन पडतं. आधी वाटलं, हे यंत्र माझ्यावरच पाळत ठेवतंय. आठवडाभर मी ते उघडलंसुद्धा नाही. आता रोज सकाळी शिवणयंत्राच्या आधी तेच उघडते.

तर ऐक. गेले चार महिने तू साइटवर टाकतोस त्या घड्याळ-दुरुस्तीच्या फोटोंतले हात तुझे नाहीत. लहानपणी माझ्या कात्रीने तुझा डावा अंगठा कापला होता, तो व्रण मी विसरेन होय? हे निमुळते हात वहिनीचे आहेत. आधी म्हटलं, दुकान तिच्या गळ्यात मारून स्वारी उंडारतेय. मग वाटलं, दोघं भांडलात की काय! फोन केला तर म्हणे सगळं झकास. तू झकास म्हणालास की समजावं, काहीतरी लपवतोयस.

गुरुवारी दुपारी तुझी दोनच वाक्यं आली: हात थरथरतो. बारीक स्क्रू आता धरता येत नाही. लिंक दाबली, तर तुझ्या साइटवर ते पान नाहीच. पुसलंस ना? अरे शहाण्या, तू तुझ्याकडचं पुसलंस. माझ्या रीडरमध्ये एकदा आलेलं तसंच राहतं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं.

बाबा आठवले. दोन वर्षं खिशातून हात काढत नव्हते आणि आपण त्यांना घमेंडखोर समजत होतो. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तुला खडसावायला हे लिहीत नाहीये. मला तरी कुठे तोंड आहे? गेला महिनाभर सुईत दोरा ओवायला मी शेजारणीला बोलावते आणि चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगते. माझाही उजवा हात थरथरतो रे. लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही. हाताने लिहिलं असतं तर तुला वाचता आलं नसतं, म्हणून हे टाइप केलंय. मंगळवारी अकरा वाजता डॉक्टरकडे आपल्या दोघांची नावं लावून ठेवली आहेत. एकटीने जायचा धीर होत नाही. येशील ना?

तुझीच,
तुझ्याइतकीच घाबरट
ताई