फावड्यासकट माझ्या मालमत्तेची व्यवस्था

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. आज माझी साप्ताहिक सुटी. सहा वाजता उठले, चहा आणि रक्तदाबाची गोळी घेतली. दहा वाजता टायपिंग सेंटरला जाऊन इंग्रजी-अरबी मृत्युपत्राचा मसुदा आणला. येताना लॉन्ड्रीतून दोन चादरी घेतल्या. जेवण करून लिहायला बसले आहे.

मी, सुझी ॲम्ब्रोज तुस्कानो, वय ५८, मूळ राहणार वसई, सध्या करामा, दुबई, व्यवसाय हॉटेलात हाऊसकीपिंग सुपरवायझर, हे स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला समोर बसवून कोणी लिहून घेतलेले नाही. तसे करणारे घरात कोणी उरलेले नाही. माझे पती ॲम्ब्रोज २०१४ साली वारले. आमचा एकुलता मुलगा गॅविन यंदा १६ जानेवारीला पहाटेच्या धुक्यात कंपनीच्या बसला झालेल्या अपघातात गेला. तो चौतीस वर्षांचा होता. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण सगळे त्याचेच होते.

हा मराठी कागद वेगळा करण्याचे कारण असे. टायपिंग सेंटरमधल्या यम्नाला मी वस्तूंची यादी सांगू लागले तेव्हा ती थांबून म्हणाली, "आंटी, ये तो सब खेती का सामान है. आपका फार्म किधर है?" मी म्हटले, फार्म नाही, बेटे का कुंग फू का सामान है. तिने माझ्याकडे पाहिले आणि ‘स्पोर्ट्स गुड्स, सहा नग’ असे टाईप केले. कोर्टाला तेवढे पुरेल. मला पुरत नाही.

कलम १. बँकेतील शिल्लक आणि नोकरीचे येणे यांची विल्हेवाट इंग्रजी मृत्युपत्राप्रमाणे व्हावी. दोन्ही कागदांची अंमलबजावणी शेजारचे श्री. शैलेंद्र कर्णिक यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे.

कलम २. वसईचा एक बेडरूमचा फ्लॅट माझे दीर ऑस्कर यांची मुलगी लॅरिसा हिला द्यावा. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ऑस्करने तिच्या वतीने नाकारला तर ते नाकारणे धरू नये. ती अठ्ठावीस वर्षांची आहे, तिचे तिला बोलता येते.

कलम ३. ॲम्ब्रोजचे घड्याळ ऑस्करला द्यावे. भावाचे आहे. यापलीकडे माझ्या घरातला चमचासुद्धा त्याला देऊ नये, आणि माझ्या अंत्यविधीच्या मिस्सानंतर त्याने दोन शब्द बोलू नयेत. गॅविनच्या दफनाला त्याला वेळ मिळाला नव्हता. मलाही त्याच्या शब्दांसाठी वेळ नाही.

कलम ४. आता सहा नगांबद्दल.

गॅविन चोविसाव्या वर्षी ल्याँग शिफूंकडे कुंग फू शिकू लागला. शिफू म्हणजे गुरू. शिफूंचे दुबईतल्याच देरा भागात कुलपांचे आणि नळांचे दुकान आहे. संध्याकाळी दुकान बंद करून ते एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवत. त्यांच्या प्रकारात तलवारी कमी आणि शेतीची अवजारे जास्त. शिफू सांगत, त्यांच्या गावातल्या शेतकऱ्यांना शस्त्र बाळगायची बंदी असायची, म्हणून दिवसा जे हातात असे तेच रात्री राखणीला वापरत. दंताळ्याने समोरच्याची काठी अडकवून ओढायची, मळणीच्या जोडदांड्याने, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांनी, ढालीच्या वरून मारायचे. गॅविन हे मला जेवताना चमच्यांनी करून दाखवी. मी वसईच्या वाडीतली. केळीची खोडे आणि पानवेली यांच्यातून सुटून हॉटेलच्या गालिच्यावर आले होते आणि माझा मुलगा परत दंताळ्याकडे निघाला होता. मला ते आवडले नव्हते, पण मी बोलले नाही. मी फारसे बोलत नाही.

शिफूंचा एक नियम होता. दुकानातले नवे, चकचकीत अवजार चालणार नाही. ज्याने खरी माती उकरली आहे तेच हवे. म्हणून गॅविनने सुटीवर वसईला गेल्यावर माझ्या वडिलांचे फावडे आणले. पाते वसईच्या लोहाराने घडवलेले. दांडा त्याने बाभळीचा नवा बसवला. विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने विचारले, गार्डनिंग? गॅविन म्हणाला, नो सर, फायटिंग. पाऊण तास बसवून ठेवले.

(अ) दंताळे गॅविनचा मित्र सुजीत याला द्यावे. दोघे एकत्र शिकले.
(आ) दोन विळे, म्हणजे जोडी, शैलेंद्र आणि शोभना यांची मुलगी इरा हिला द्यावी. तिने दोन वर्षे गॅविनकडून धडे घेतले. विळ्यांना धार नाही, तिच्या आईने काळजी करू नये.
(इ) मळणीचा जोडदांडा आणि कावडीचा बांबू ल्याँग शिफूंना परत करावे. ते त्यांचेच आहेत.
(ई) फावड्याबद्दल कलम ६ मध्ये लिहिले आहे. त्याआधी कलम ५ वाचावे.

कलम ५. शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०१९ रोजी आमच्या दुबईतल्या वसईकर मंडळाचे वार्षिक संमेलन होते. गॅविन फावड्याचा खेळ करणार होता. तेव्हा तो सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायच्या कामावर होता आणि गुरुवारी त्याची रात्रपाळी होती. तो परस्पर हॉलवर येणार आणि फावडे मी टॅक्सीने नेणार, असे ठरले. जाताना त्याने फावडे बाथरूममध्ये बादलीत उलटे उभे केले. पाते आणि दांड्याचे टोक पाण्यात. म्हणाला, मम्मी, सकाळपर्यंत हलवू नकोस.

कशासाठी, ते मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही. माझे वडील रोज संध्याकाळी फावडे विहिरीजवळच्या हौदात टाकत. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि पात्याच्या नेढ्यात, म्हणजे भोकात, घट्ट बसते. कोरडे राहिले की आकसते आणि पाते सैल होते. वसईच्या वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलीला हे कळते. मलाही सहाव्या वर्षी कळत होते.

रात्री घरी आले तेव्हा बाथरूमच्या लादीवर गंजाचे पाणी पसरले होते. मी एकवीस वर्षे बाथरूम तपासत आले आहे. ओल दिसली की हात आपोआप जातो. मी फावडे काढले, बादली पालथी केली, लादी पुसली. फावडे कोरडे केले. सगळ्या मंडळासमोर मुलाच्या हातात शेतातली मळकी वस्तू दिसू नये म्हणून दांड्याला फर्निचर पॉलिश लावले आणि लवकर सुकावे म्हणून एसीच्या समोर उभे केले. रात्रभर.

हॉलमध्ये ऑस्कर पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी लॅरिसा. तिची एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून निवड झाली होती, जानेवारीत रुजू व्हायचे होते. मी फावडे घेऊन आत आले तशी ऑस्कर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काय वहिनी, नांगर घरीच विसरलात का? हेच नाचवायचं होतं तर वसई काय वाईट होती?" लोक हसले. मी पण हसले.

स्टेजच्या बाजूला गॅविनने फावडे हातात घेतले, चकाकणारा दांडा पाहिला आणि मला विचारले, "मम्मी, रात्रभर पाण्यात होतं ना?"

मी "हो" म्हटले.

लोक बघत होते, माईकवर त्याचे नाव पुकारले जात होते, आणि मी त्याच्या सांगण्याबाहेर वागले हे कबूल करायला मला तिथे लाज वाटली. एवढेच कारण. दुसरे मोठे कारण शोधून मी दमले.

चौथ्या की पाचव्या फेरीला पाते सुटले. लॅरिसाच्या उजव्या नडगीवर बसले. हाड दोन ठिकाणी मोडले.

पोलीस आले तेव्हा मी गॅविनच्या शेजारी उभी होते. मी तोंड उघडले. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाला, "लीव्ह इट, मम्मी." मग अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगितले की अवजार भिजवायचे मी विसरलो, चूक माझी आहे. त्याचा जबाब लिहून घेतला. मी तोंड मिटले.

त्यानंतरचे सगळे त्याच्या जबाबावर आणि माझ्या मिटलेल्या तोंडावर उभे आहे. केस मिटेपर्यंत पासपोर्ट पोलिसांकडे राहिला. कंपनीने पुढचे कॉन्ट्रॅक्ट दिले नाही. मंडळाच्या सेक्रेटरीने त्याचे नाव सभासद यादीतून काढले आणि पत्रक काढले की असले धोकादायक खेळ आपल्या समाजाला शोभत नाहीत. शाळेने शिफूंना हॉल बंद केला. लॅरिसाच्या पायात रॉड आहे. ती देऱ्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत बसून इतरांची तिकिटे काढते. गॅविन आठ महिने तिला गाडीने फिजिओथेरपीला नेत-आणत होता. ऑस्कर त्याला वर येऊ देत नसे. तो खाली पार्किंगमध्ये बसून राही. लॅरिसा पाणी खाली पाठवी, असे त्याने एकदा सांगितले होते.

शेवटी त्याला लांबच्या गोदामात काम मिळाले. पहाटे साडेचारची बस. सिलिकॉन ओएसिसची नोकरी असती तर तो त्या बसमध्ये नसता. हे मी एकदाच लिहिते.

घरी आम्ही दोघे या विषयावर पाच वर्षांत एकदाही बोललो नाही. तो मला वाचवत होता, असे फादर म्हणतील. मला त्याचा रागही येतो. त्याने मला ओरडायला हवे होते. इतक्या चांगल्या मुलासमोर आईला तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

म्हणून मी याद्वारे जाहीर करते की लॅरिसाच्या पायाला झालेली इजा गॅविनच्या निष्काळजीपणामुळे झाली नाही. ती माझ्यामुळे झाली. मंडळाने त्याचे नाव यादीत परत घालावे. तो मेला आहे, तरीही घालावे.

कलम ६. पोलिसांनी फावडे परत केले तेव्हा ते ताब्यात घ्यायला गॅविन आणि माझ्याबरोबर शिफू आले होते. त्यांनी दांडा नाकाजवळ नेला. पॉलिशचा वास महिनाभराने सुद्धा जात नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर जायचे टाळले. गॅविनच्या दफनाच्या दिवशी जबेल अलीच्या दफनभूमीत ते आले, पांढरा शर्ट घालून. त्यांनी एकच गोष्ट मागितली, ते फावडे. माझ्याकडे बघत त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "टूल का गलती नहीं."  माझे उत्तर मी आज लिहिते: फावडे त्यांना द्यावे. दांडा काढून टाकावा. पाते त्यांनी गावी परत जाताना न्यावे आणि त्या पात्याने तिथे भाजी लावावी. ते कुठल्याही भिंतीवर टांगू नये.

कलम ७. मला गॅविनजवळ जागा मिळाली तर तिथे, नाहीतर जिथे मिळेल तिथे पुरावे. फुले आणू नयेत.

कलम ८. हा कागद बंद पाकिटात शैलेंद्र कर्णिक यांच्याकडे राहील आणि माझ्या मृत्यूनंतरच उघडला जाईल. त्याआधी ऑस्कर किंवा लॅरिसा यांना यातील मजकूर कळवू नये.

वरील कलम ८ मी स्वतः खोडले आहे. खोडल्याची सही बाजूला केली आहे. कारण पुढे लिहिते, म्हणजे नंतर कोणी शंका घेऊ नये.

साडेपाच वाजता साक्षीदार म्हणून शोभना आणि सुजीत आले. त्यांनी फक्त सही पाहायची होती, पण शोभना न वाचता कशावरही सही करत नाही. तिने सगळे वाचले. सुजीतने कलम ५ वाचून कागद खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. शोभनाने चष्मा काढला.

"सुझीताई, लॅरिसाला हे कळणार कधी?"

मी म्हटले, मी गेल्यावर.

"म्हणजे तिने भांडायचं कोणाशी? फ्लॅटशी?"

मी म्हटले, ऑस्कर माझे तोंड पाहणार नाही.

"आता तरी कुठे पाहतोय?"

 मी पेन घेतले आणि कलम ८ वर रेघ मारली. शोभना म्हणाली, सरळ मार, वाकडी मारलीस तर कोर्टात चालायची नाही. मी दुसरी रेघ सरळ मारली.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझा आहे, आणि मी दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे.

(सही) सुझी ॲम्ब्रोज तुस्कानो

सुझी यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. (सही) शोभना शैलेंद्र कर्णिक, करामा
२. (सही) सुजीत अनंत राऊत, सिलिकॉन ओएसिस

ठिकाण: करामा, दुबई. दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटे.

सहीनंतरची नोंद, साक्षीदारांशिवाय: दोघे गेल्यावर मी सर्व पानांचे फोनवर फोटो काढले आणि लॅरिसाला पाठवले. खाली लिहिले, ‘लॅरिसा, हे सावकाश वाच. मी घरीच आहे.’ सात वाजून दोन मिनिटांनी तिने उघडल्याच्या निळ्या खुणा आल्या. सव्वासातपर्यंत काही आले नाही. मग मी स्वयंपाकघरातली कचऱ्याची पिशवी बांधली आणि खाली जाऊन टाकून आले.