गोजरबाईंच्या नावाची कविता

मी, दमयंती श्रीनिवास लोहगावकर, वय ७६, मराठीची निवृत्त प्राध्यापिका, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. चिडचिड वाढली आहे, तिला दाखला लागत नाही.

१. बँकेतील ठेव मुलगा हिमांशू याला. माझी स्वकष्टार्जित सदनिका त्याला देत नाही. दार दक्षिणेला म्हणून तो इथे एक रात्रही राहिला नाही. अंधश्रद्धेवर मी जन्मभर लिहिले, घरात एकाने वाचले नाही.

२. सदनिका पाचोडच्या गोजरबाईंची नात श्रेया हिला. कारण लिहिते, म्हणजे कोर्टात कोणी विचारायला नको.

तरुणपणी मी पाचोडच्या शाळेत शिकवत होते. गोजरबाई शेजारी राहत. विधवा, पदरी एक लहान मूल. गल्लीत एका घरी वाळत घातलेले कपडे पेटू लागले, तेव्हा गावाने ठरवले, भानामती हिचीच. त्यांना विहिरीवर येऊ देईनात. मी संतापून कविता लिहिली. त्यांचे नाव घातले, पाय उलटे दाखवले, केसांतून जाळ काढला. सगळा उपरोध होता. शहरात वाहवा झाली. पुढे ती पाठ्यपुस्तकात गेली.

सात वर्षांपूर्वी श्रेयाची सोयरीक गंगापूरला जमली होती. मुलाच्या चुलत्याने ते पुस्तक बैठकीत ठेवले. "छापलेलं खोटं असतंय व्हय?" सोयरीक मोडली.

गोजरबाई ते पुस्तक घेऊन माझ्या दारात आल्या. "बाई, तुमी माझ्या बाजूनं लिवलं म्हनता. मग पाय उलटे कामून केले माझे?"

मी उपरोध समजावू लागले. त्यांनी लुगडे जरा वर धरून पाय पुढे केले. भेगाळलेल्या टाचा, साधे पाय.

३. कविता वगळा, अशी तीन पत्रे मी संपादकांना लिहिली. उत्तर आले, "तीत लोकसंचित आहे, आदिम प्रतिमा आहे." आम्ही आधुनिक कवी गावाच्या भीतीतून प्रतिमा उचलतो आणि जिच्या अंगणातून उचलल्या तिला विचारत नाही. म्हणून या कवितेचे सर्व हक्क गोजरबाईंना. छापायची असेल त्याने पाचोडला जाऊन त्यांना विचारावे. एस.टी. जाते.

४. व्यवस्थापक म्हणून अ‍ॅड. सायली जगदाळे यांना नेमते. गेल्या आठवड्यात त्यांनी याच सदनिकेत माझ्यासमोर हा मसुदा गोजरबाईंना वाचून दाखवला. श्रेया खिडकीशी उभी होती. "हवा चांगली येते," एवढेच म्हणाली.

गोजरबाई म्हणाल्या, "पुस्तकातलं नाव काढताल, बाई. गावाच्या तोंडातलं कोन काढनार?"

मी म्हणाले, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

"मग तसंच लिवा."

त्याप्रमाणे लिहिले आहे.

दमयंती श्रीनिवास लोहगावकर (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. बन्सी रामराव तुपे (सही)
२. द्वारकाबाई किसनराव घुगे (सही)

छत्रपती संभाजीनगर, ९ जानेवारी २०२६